आधी लेकरू जमिनीवरून उचला

लातूरला रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात नागुबाईंनी माझी जी फजिती केली, ती आधी सांगते. म्हणजे बाई काय चीज आहे ते कळेल.

आमचं केंद्र जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं. मूल मान धरतं का, वेळेवर चालतं का, त्याला दिसतं का, ऐकू येतं का, हे लवकर तपासायचं आणि काही अडलं असेल तर घरच्यांना पुढचा रस्ता दाखवायचा. माझ्याकडे कान. माहेर नांदेडचं, शिक्षण पुण्याचं आणि नव्या पदवीचा ताठा अंगात मुरलेला. नागुबाई कंत्राटी मदतनीस होत्या. झाडणं, पाणी भरणं, रांगेतल्यांना हाका मारणं हे त्यांचं काम. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि पायात कायम रबरी चप्पल.

त्या दिवशी उदगीरकडचं दीड वर्षाचं एक लेकरू आलं होतं. माझ्या खोलीत आधीच्या कुठल्या तरी कार्यालयाचं लाकडी व्यासपीठ तसंच पडून होतं, त्यावर सतरंजी टाकून मी त्याला बसवलं आणि त्याच फळ्यांवर मागे उभी राहून डफली वाजवली. लेकरू झटकन वळलं. कागदावर 'प्रतिसाद आहे' असं लिहून मी पुढच्याला हाक मारली. बाहेर चाळीस माणसं खोळंबली होती.

"मॅडम," कोपऱ्यातून झाडू थांबवून नागुबाई म्हणाल्या, "आधी लेकरू जमिनीवरून उचला."

"मावशी, तुम्ही तुमचं काम करा," मी म्हटलं.

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, लेकराला कडेवर घेतलं आणि व्यासपीठापासून लांब, खोलीच्या मधोमध फरशीवर जाऊन उभ्या राहिल्या. "आता वाजवा."

मी वाजवली. मग जोरात वाजवली. बाहेरच्या रांगेत दोन तान्ही बाळं दचकून रडायला लागली, पण कडेवरचं लेकरू नागुबाईंच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याशी खेळत राहिलं. त्याला फळीचा हादरा कळला होता, आवाज नाही. मूल आईच्या मांडीवर घेऊन तपासायचं, हे मला पदवीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. रांग बघून मी ते गुंडाळून ठेवलं होतं. माझे कान गरम झाले. लिहिलेलं खोडलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माझ्या लेकीनं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा झाडायला लागल्या.

ती सगळी हकीकत मला पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळली. आम्ही दोघी गृहभेटींना जायचो, आणि जीपमध्ये बसलं की नागुबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

त्यांचं गाव किल्लारीच्या शिवाराला लागून. त्र्याण्णवच्या भूकंपात नवरा भिंतीखाली गेला. वर्षाची पोर दात येत होते म्हणून किरकिर करत होती, तिला घेऊन नागुबाई अंगणात बाजेवर पडल्या होत्या, म्हणून त्या दोघी वाचल्या. पोरीचं नाव ज्ञानेश्वरी. पुढची तीन वर्षं सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं, आणि सुरुवातीचे कित्येक महिने जमीन अधूनमधून हलतच होती.

तेव्हा एक नवल घडायला लागलं. ज्ञाना खेळता खेळता एकदम थबकायची, दोन्ही तळवे जमिनीला टेकवायची आणि आईकडे बघायची. एक-दोन क्षण जायचे आणि मग पत्रे खडखडायचे. मोठ्यांना धक्का कळायचा तो पत्रे वाजल्यावर. पोरीला आधीच कळलेला असायचा. गावाने ठरवून टाकलं की हिच्या कानाला धरणीमायचं बोलणं ऐकू येतं. बायका चूल पेटवण्याआधी तिला आपापल्या शेडमध्ये नेऊन जमिनीवर बसवत. पोर निवांत खेळली की स्वयंपाकाला लागत. कुणी कुंकू लावी, कुणी हातावर खडीसाखर ठेवी. नवरा गेलेल्या बाईच्या पोरीला गाव असं डोक्यावर घेतंय म्हटल्यावर नागुबाईंनाही बरं वाटायचं. वाटणारच. जिचे कान गावात सगळ्यांत तिखट, तिला ऐकू येत नाही असं कुणाच्या मनात तरी येईल का?

पोर बोलत नव्हती, हे दिसत होतं. त्याचंही उत्तर तयार होतं. "भ्यालंय लेकरू. भूकंपानं वाचा बसली. भेव निघालं की बोलतंय बगा."

आणि यातलं सगळ्यांत वाईट पुढे आहे. नागुबाई तेव्हा गावच्या अंगणवाडीच्या सेविका होत्या. कोणतं लेकरू कधी बसलं, कधी चाललं, कधी बोललं, हे गावभरच्या मुलांचं त्याच लिहायच्या. उशीर दिसला की घरी जाऊन आयांना दम द्यायच्या. स्वतःच्या लेकीच्या नावापुढे 'बोलणे' या रकान्यात मात्र त्यांनी सलग तीन वर्षं एकच शब्द लिहिला: 'भूकंपामुळे'.

पोर पाच वर्षांची झाली त्या पंचमीची गोष्ट. गावाला सिमेंटची नवी घरं मिळाली होती, पण झोका बांधायला झाड जुन्या गावठाणातच, रस्त्याकडेचा लिंब. ज्ञाना झोक्यावर होती. मागून पाण्याचा टँकर आला आणि रस्त्यावरच्या पोरासोरांना हटवायला ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. पोरं पळाली. ज्ञाना हसत झोके घेत राहिली. हॉर्न वाजतच राहिला, नागुबाई ओरडत राहिल्या, आणि पोरीचा झोका टँकरच्या तोंडाशी जाऊन परत येत होता. शेवटी त्यांनी धावत जाऊन तिला दंडाला धरून खाली ओढलं. पोरीचे पाय जमिनीला लागले मात्र, तिने गर्रकन वळून टँकरकडे बघितलं.

"तवा कळलं मॅडम मला," नागुबाई सांगायच्या. "माझं लेकरू कानानं न्हाई, तळपायानं ऐकून राहिलं व्हतं. आन् म्या पाच वर्सं तिला जमिनीवरून उचललंच न्हाई."

ज्ञानाला नांदेडच्या मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत घातलं. खुणांची भाषा आली, ओठ वाचायला आले, मराठी लिहायला-वाचायला आलं. बोलणं काही आलं नाही. त्याचं वय निघून गेलं होतं. पुढे ती लातुरात शिकवणी वर्गांच्या भागात एका दुकानात टायपिंगला लागली आणि नागुबाई गाव सोडून तिच्याजवळ आल्या. मायलेकींचा संसार खुणांवर आणि जमिनीवर चालायचा. लेकीला बोलवायचं तर नागुबाई दाणकन पाय आपटायच्या, ज्ञाना वळायची. ज्ञानाच्या खुणेत 'आई' म्हणजे तळहातावर मूठ दोनदा आपटणं.

गृहभेटीत एखादं घर ऐकत नसलं की नागुबाई ही सगळी कहाणी सांगायच्या. स्वतःला अजिबात सूट न देता. निम्मी घरं तिथेच वळायची. मी एकदा विचारलं, "मावशी, हे ज्ञानाला सांगितलंय का कधी?"

"तिला कामून सांगू?" त्या खेकसल्या. "तिला वाटतं, शाळाच पाच वर्सांच्या पुढं घेती. आन् आईला पयल्या दिसापासून ठावं व्हतं. ऱ्हाऊ द्या की तसंच."

राहिलंही असतं तसंच, पण मिहिर सरांची उर्वी आली.

लातुरात मास्तरला विषयाच्या नावाने ओळखतात. हे बायोलॉजी, ते केमिस्ट्री. मिहिर सर म्हणजे फिजिक्स. चौकाचौकांत त्यांचे फलक, खाली पास झालेल्या पोरांचे छोटे फोटो. अठरा सालच्या ऑक्टोबरात त्यांची बायको मधुरा घरी न सांगता मुलीला घेऊन आमच्या केंद्रावर आली. उर्वी दोन वर्षं चार महिन्यांची, एक शब्द बोलत नव्हती. मी तिला आईच्या मांडीवर घेऊन तपासलं. माझ्या एकाही आवाजाला ती वळली नाही. झोपेत करायची एक तपासणी असते, तिच्यावरून कान नेमका किती चालतो ते कळतं. ती चार दिवसांत करून घ्या, असं मी बजावलं. या वयात एकेक महिना मोलाचा असतो. भाषा शिकायचं दार काही जन्मभर सताड उघडं राहत नाही. मधुरा हो म्हणाली आणि तीन आठवडे फिरकली नाही.

तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. दोन बॅचेसच्या मधली वेळ होती. सर घरी होते, शर्टाच्या बाहीला खडूची भुकटी.

"तुमचा काहीतरी गैरसमज झालाय," ते म्हणाले. बोलणं अगदी सभ्य. "मी स्वतः तपासलंय. बघा." त्यांनी उर्वीला दिवाणावर बसवलं, तिच्या पाठीमागे गेले आणि स्टीलची थाळी दिवाणाच्या कडेवर आपटली. उर्वी वळली. "बघितलं? मीही तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो."

"सर," नागुबाई म्हणाल्या, "आधी लेकरू जमिनीवरून उचला."

"ती जमिनीवर कुठंय? दिवाणावर आहे."

"थाळी कशावर हाय?"

सरांनी थाळीकडे बघितलं, मग दिवाणाकडे. दिवाण लाकडाचा, थाळी दिवाणावर आणि माणूस ध्वनीलहरी शिकवून नावारूपाला आलेला! मला हसू येणार होतं, पण मधुराचा चेहरा बघून आलं नाही. तिने उर्वीला उचलून छातीशी धरलं. सरांनी थाळी हातात धरून चमच्याने वाजवली. मग कानाजवळ नेऊन वाजवली. उर्वी आईच्या खांद्यावर मान टाकून पंख्याकडे बघत होती. ते वाजवत राहिले, शेवटी मधुराच म्हणाली, "पुरे ना रे."

सरांनी थाळी खाली ठेवली. मग म्हणाले, "ठीक आहे. नीट होऊ द्या, मग बघू."

नागुबाई चमकल्या. "नीट झाल्यावर कशाला बगता? नीट व्हायला या की!"

"मावशी, परीक्षा. नीटची परीक्षा म्हणताहेत सर," मी समजावलं. लातुरात राहून हा घोटाळा करणाऱ्या नागुबाई एकट्याच असाव्यात. "ती मे महिन्यात असते."

"म्हंजी सहा म्हैने?"

"सहा महिन्यांनी असा काय फरक पडतो?" सरांचा आवाज चढला. "नऊशे मुलांचं वर्ष माझ्या हातात आहे. आणि गावभर बोभाटा झाला तर?" तेवढ्यात दार उघडून कुणीतरी आत आलं, तसा त्यांनी तिकडे हात केला. "ही बघा! या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. माझ्या नोट्स टाइप करते, एक चूक सापडायची नाही. हिचं काही अडलं का?"

दारात हातात कागदांचा गठ्ठा घेऊन ज्ञानेश्वरी उभी होती.

आईला तिथे बघून ती खुशीने हसली आणि तळहातावर मूठ दोनदा आपटली. सरांना त्यातलं काही कळलं नाही. नागुबाई कुणाची आई हे त्यांना ठाऊक नव्हतं. "हिला ऐकू येत नाही, तुम्ही बोला मोकळेपणाने," असं वर म्हणाले. ज्ञाना समोरच्या खुर्चीवर बसली, जिथून सगळ्यांचे ओठ दिसतील अशी.

मी नागुबाईंकडे बघितलं. त्यांच्याजवळ एकच हत्यार होतं आणि ते आज काढायचं म्हणजे लेकीसमोर काढायचं. मला वाटलं, उठतील, चला मॅडम म्हणतील. नाही तर भिंतीकडे तोंड करून बोलतील. तेवढंही पुरलं असतं. खरं सांगते, मी त्यांच्या जागी असते तर तोंड फिरवलं असतं.

नागुबाई खुर्ची सरकवून ज्ञानाच्या समोर बसल्या.

"हिचं काय अडलं ते सांगते," त्या म्हणाल्या. "माझीच लेक हाय ही." मग त्यांनी सगळं सांगितलं. पत्र्याचं शेड, तळवे, खडीसाखर, अंगणवाडीचा रकाना, पंचमी, टँकर. सावकाश, एकेक शब्द ओठांवर सुटा करून. सांगत होत्या सरांना, बघत होत्या लेकीकडे. "दुसऱ्याच्या लेकरांचं समदं लिवलं. हिच्या नावापुढं 'भूकंपामुळे' लिवलं. भूकंपानं काई केलं न्हवतं हिला. म्या केलं. म्या उचललं न्हाई." शेवटी शेवटी आवाज फुटेना, तरी ओठ हलत राहिले. ज्ञानाला तेवढं पुरेसं होतं.

ज्ञानाच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच गेलं होतं. तिने गठ्ठ्यातलं एक पान उलटं केलं, पाठीमागे काहीतरी लिहिलं आणि ते आईला नाही, सरांना दिलं. मग नागुबाईंकडे न बघता चप्पल घालून निघून गेली.

सरांनी वाचलं आणि पान माझ्या हातात दिलं. 'मला नाव आहे, हे मला सहाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मला वाटायचं, नावं फक्त बाकीच्यांना असतात.' पानाच्या पुढच्या बाजूला धडा होता: ध्वनी.

सरांनी फोन उचलून संध्याकाळची बॅच रद्द केली. "उद्या किती वाजता येऊ?" त्यांनी मला विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

तपासणी झाली. कान अगदीच बंद नव्हते. कानामागे यंत्र लावून आधी बघू, असं डॉक्टरांनी सुचवलं. उर्वीची यंत्रं आली, आणि पहिल्या दिवशी तिने ती काढून खिडकीतून बाहेर फेकली. बहुतेक मुलं आधी फेकतात, मग हळूहळू रुळतात. सर खाली जाऊन गटाराच्या कडेने गुडघ्यांवर बसून शोधत होते म्हणे. त्यांच्याविषयी माझ्या मनात जी अढी होती, ती त्या दिवशी गेली.

नागुबाईंच्या घरी मात्र अवघड होतं. ज्ञाना भांडली नाही. स्वयंपाक करायची, दोघी जेवायच्या. पण नागुबाईंनी पाय आपटला की ती वळायची नाही. जमीन हलली हे तिला कळत होतं, कळल्याचं खांद्यांवरून दिसतही होतं, पण मान फिरायची नाही. समोर जाऊन खुणा कराव्या तर डोळे मिटून घ्यायची. आपल्याशी कुणी अबोला धरला तर निदान आपलं म्हणणं त्याच्या कानावर तरी पडतं. इथे डोळे मिटले की संपलं. "रोज आपटते मॅडम पाय," नागुबाई म्हणायच्या. "खालचे भाडेकरू भांडायला आले परवा." हसायचं की रडायचं हे त्यांनाच कळत नव्हतं. मी एकदा म्हटलं, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

ज्ञाना केंद्रावर यायची, पण उर्वीसाठी. मधुरानेच तिला दुकानात जाऊन विनवलं होतं, मला खुणा शिकव म्हणून. यंत्र कानाचं काम करील तेव्हा करील, तोवर मुलगी मुकी बसायला नको. दर शनिवारी त्या तिघी माझ्या खोलीत फरशीवर चटई टाकून बसायच्या. ज्ञानाने सगळ्यांत आधी उर्वीला तिचं नाव दिलं, एक खूण, गालावर बोट टेकवून. नागुबाई तेव्हा दाराबाहेरच घुटमळायच्या.

जानेवारीतला शनिवार होता. शिकवणं संपलं होतं. मधुरा उर्वीला कडेवर घेऊन निघायच्या बेतात होती. ज्ञाना खिडकीजवळ चटई गुंडाळत होती, दाराकडे पाठ. तिची पिशवी खुर्चीवर राहिली होती, ती नागुबाईंच्या लक्षात आली आणि दोन महिन्यांचं सगळं विसरून, निव्वळ सवयीने, त्यांनी दारातून दाणकन पाय आपटला.

वळल्या दोघी.

ज्ञाना वळली. सवयीने वळली की ठरवून, ते मला माहीत नाही, पण वळली आणि आईकडे बघत राहिली. डोळे मिटले नाहीत. आणि मधुराच्या कडेवरून उर्वीनेही मान फिरवली होती. थेट दाराकडे, नागुबाईंच्या रबरी चपलेकडे.

नागुबाई जागच्या हलल्या नाहीत. दाराची चौकट धरून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, पोरीचे पाय कुटं टेकले न्हवते नं?"

"नव्हते, मावशी," मी म्हटलं. "कडेवर होती."

त्यांनी पदर तोंडाला लावला. ज्ञानाला काय झालं ते कळेना, तिने माझ्याकडे बघितलं. मी उर्वीकडे बोट केलं, मग माझ्या कानाकडे. तिने चटई तशीच टाकली, आईपाशी गेली आणि तळहातावर मूठ दोनदा आपटली.